भावना नसतात असे नाही

अकोल्यात मे महिन्यातले लग्न. मांडवात उकाडा, शेजारी डीजे. नवरदेवाचा चुलतभाऊ पंगतीतून उठतो आणि गाडीत जाऊन बसतो. ‘याले कोनाचं काई वाटत नाई,’ असा शिक्का लगेच बसतो.

स्वमग्नतेची (ऑटिझमची) लक्षणे असलेल्या प्रौढांबद्दलचा हा मोठा गैरसमज आहे. भावना त्यांनाही असतात, अनेकदा फार तीव्र. अडचण असते ती भावनांच्या नियमनात (उसळलेली भावना ओळखून आटोक्यात आणण्यात). छाती धडधडते, पण ती भीती की राग, हे अनेकांना उशिरा कळते. उन्हाळ्यात कूलर, फ्रिज आणि मोटर एकदम चालली की एमसीबी पडतो. तो बिघडलेला नसतो, भार जास्त झालेला असतो. गाडीत जाऊन बसणे म्हणजे तो भार उतरवणे.

या प्रौढांमध्ये चिंता आणि नैराश्य जास्त आढळते. तरी ‘स्वभावच तसा’ म्हणून ते सोडून दिले जाते, हे फार खटकते. स्वमग्नता वयाबरोबर संपत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. मदतीसाठी अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग आहे. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास सुरू असतो. तिथे मराठीतही बोलता येते.