रक्ताची गुठळी कशी विरघळते?

बोटाला चाकू लागला, तर काही मिनिटांत रक्त थांबते आणि आपण ती गोष्ट विसरून जातो. रक्त कसे गोठते, हे बहुतेक विद्यार्थ्यांस पाठ्यपुस्तकातून ठाऊक असते. परंतु गोठलेल्या रक्ताचे पुढे काय होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. त्याचेच उत्तर आम्ही येथे देऊ इच्छितो.

घर बांधताना गवंडी परांची बांधतात. भिंत पक्की होईपर्यंत ती हवीच. पण काम संपल्यावर ती उतरविली नाही, तर वाट अडते. रक्ताची गुठळी ही अशीच परांची होय. रक्तातील फायब्रिनोजेन नावाच्या प्रथिनापासून फायब्रिनचे चिवट तंतू बनतात, त्यांचे जाळे विणले जाते व त्यात रक्तकण अडकतात. या आडोशाला रक्तवाहिनीची फाटलेली भिंत सांधली जाते.

नवल असे, की जाळे विणले जात असतानाच ते तोडण्याचे साहित्यही त्यात गुंफले जाते. यकृतात तयार होणारे प्लास्मिनोजेन हे जणू निद्रिस्त द्रव्य फायब्रिनला चिकटून राहते. पुढे रक्तवाहिनीच्या अस्तरातील पेशी 'टीपीए' नावाचे विकर हळूहळू सोडतात. त्याच्या क्रियेने प्लास्मिनोजेनचे प्लास्मिन होते, आणि प्लास्मिन फायब्रिनचे तंतू कात्रीप्रमाणे कापू लागते. ही कात्री रक्तात मोकाट फिरली, तर अनर्थ ओढवेल. म्हणून गुठळीबाहेर पडलेल्या प्लास्मिनला निष्प्रभ करणारे दुसरे प्रथिन रक्तात सज्ज असते.

परंतु हा तोल नेहमीच टिकतो असे नाही. हृदयाच्या वा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, तर ही संथ व्यवस्था अपुरी पडते आणि रक्ताअभावी पेशी मरू लागतात. १९३३ मध्ये अमेरिकेत टिलेट व गार्नर यांना असे आढळले, की घसा सुजविणारे स्ट्रेप्टोकोकस जंतू गुठळी विरघळविणारे द्रव्य निर्माण करतात. त्यातूनच पुढे स्ट्रेप्टोकायनेज हे औषध आले. हृदयविकाराच्या सुमारे ११,८०० रुग्णांवर इटलीत झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन आठवड्यांत, औषध न मिळालेल्यांपैकी शेकडा १३ रुग्ण दगावले, तर मिळालेल्यांपैकी शेकडा १०.७. पहिल्या तासात औषध मिळालेल्यांना लाभ सर्वाधिक झाला. सहा तासांनंतर तो दिसला नाही.

गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातावर आज टीपीए हेच औषध म्हणून देतात, पण तेही साधारणतः साडेचार तासांच्या आत. त्याआधी मेंदूचे छायाचित्र घ्यावे लागते. कारण पक्षाघात रक्तस्रावाचा असेल, तर हेच औषध घातक ठरते.

म्हणून घरात कोणाचे तोंड एकाएकी वाकडे झाले, हात लुळा पडला वा बोलणे अडखळू लागले, तर 'सकाळी पाहू' असे म्हणू नये. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून तत्काळ इस्पितळ गाठावे. लक्षण केव्हा दिसले, हे डॉक्टर प्रथम विचारतात. घड्याळ पाहून ती वेळ टिपून ठेवण्याचे काम शाळकरी मुलेही करू शकतात, आणि त्यावर एखाद्याचे प्राण अवलंबून असू शकतात.