हास्यामागचा माणूस

सिकेरी येथे आग्वाद किल्ल्याच्या तटाशी १९७४ साली ताज समूहाचे हॉटेल उभे राहिले. नोव्हेंबर १९८३ मध्ये राष्ट्रकुलातील राष्ट्रप्रमुखांचा मुक्काम गोव्यात झाला आणि या किनाऱ्याचे नाव जगभर पोहोचले. त्यानंतर पंचतारांकित हॉटेलांची रांगच येथे लागली. त्यांच्या वैभवाची वर्णने पुष्कळ झाली. परंतु घरची विवंचना दाराबाहेर ठेवून परक्या पाहुण्यासमोर दिवसभर प्रसन्न मुद्रेने वावरणारा कर्मचारी हे कोणत्या बळावर करतो, याचा विचार क्वचितच होतो.

पगार आणि बक्षिसी, हे या प्रश्नाचे सोपे उत्तर. ते खोटे नव्हे, पण अपुरे आहे. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली असे मांडले की, वेतन व नोकरीची शाश्वती यांच्या अभावी माणूस असंतुष्ट होतो. मात्र त्याला मनापासून कामाला लावतात ती कामाची दखल, जबाबदारी आणि प्रगतीची संधी. या सिद्धांताचा उत्तरार्धच तेवढा उचलून, पगाराऐवजी प्रशस्तिपत्रक हातावर ठेवणारे व्यवस्थापक आपल्याकडे कमी नाहीत. पाया न घालता कळस चढवण्याचाच हा प्रकार होय.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात कर्मचाऱ्यांनी जे केले, त्याचा हिशेब बक्षिसीने होत नाही. मागील वाटा ठाऊक असूनही ते पळाले नाहीत. पाहुण्यांना वाचवताना त्यांच्यापैकी काहींनी प्राण वेचले. रोहित देशपांडे व अंजली रैना या अभ्यासकांनी २०११ साली या घटनेची मीमांसा केली. लहान गावांतून स्वभाव पारखून केलेली निवड, दीर्घ प्रशिक्षण आणि चांगल्या कामाची तत्काळ दखल, ही कारणे त्यांनी दाखवून दिली. ज्याला संस्था आपला मानते, तोच संस्थेला आपली मानतो, हे त्याचे सार.

या कसोटीवर गोव्यातील चित्र काय दिसते? एकाच गणवेशातील दोघांपैकी एक कायम असतो, तर दुसरा कंत्राटी अथवा हंगामी. पावसाळा लागला, पर्यटक ओसरले की दुसऱ्याची गरज संपते. चवथीची माटोळी बांधण्याच्या दिवसांत ज्याच्या घरी पगार येत नाही, त्याने पुढच्या हंगामात कोणत्या आपुलकीने पाहुण्याचे स्वागत करावे? कसबी तरुण बोटीची किंवा आखाताची वाट धरतात, यात मग नवल ते काय!

दोष केवळ मालकांचा नाही. सरकारी कचेरीतील कारकुनी प्रतिष्ठेची आणि हॉटेलातील चाकरी हलकी, ही समजूत आपल्या घराघरांत आहे. अतिथीला देव मानणाऱ्या समाजाने त्या देवाच्या सेवेकऱ्याला कमी लेखावे, ही विसंगती आम्हांस खटकते.

बारमाही कामास बारमाही नोकरी, पाहुण्यांकडून सेवेपोटी मिळणाऱ्या रकमेची उघड वाटणी आणि स्थानिकांना वरच्या पदांपर्यंत खुली वाट, एवढे तरी हॉटेलमालकांनी करावे, आणि ते होते की नाही हे सरकारच्या मजूर खात्याने पाहावे. शिकवलेले हसू हंगामापुरते टिकते. मनापासूनचे हसू हवे असेल, तर त्यामागील माणसाला आधी निश्चिंत केले पाहिजे.