नौका-एंजिनातील प्रारंभदोष

नौका-एंजिनातील प्रारंभदोष : नौकेला गती देणारे अंतर्ज्वलन-एंजिन चालू न होणे किंवा चालू होऊन लगेच बंद पडणे यांस कारणीभूत होणारे बिघाड. जमिनीवरील एंजिन बंद पडल्यास काम खोळंबते; नौकेचे एंजिन बंद पडल्यास मात्र नौकेची दिशा राखणेच अशक्य होते, कारण सुकाणू त्यावरून वाहणाऱ्या पाण्याच्या जोरावर काम करते. गतिहीन नौका वाऱ्याबरोबर वाहू लागते, बहुधा लाटांना आडवी होते आणि वारा जोराचा असल्यास ती उलटण्याचा धोका वाढतो. म्हणून दोष शोधण्याची क्रमबद्ध पद्धत नौका चालविणाऱ्यास अवगत असणे आवश्यक ठरते.

गोटलीप डाइमलर यांनी १८८६ मध्ये जर्मनीतील नेकार नदीवर एंजिनाची नौका चालविली. रूडोल्फ डीझेल यांचे एंजिन १८९७ मध्ये यशस्वी ठरले. नौकेच्या मागील फळीवर बाहेरून अडकविण्याचे सुटसुटीत एंजिन अमेरिकेत ओले एव्हिनरूड यांनी १९०९ पासून विक्रीस आणले. आजही लहान होड्यांस असे बाह्य पेट्रोल एंजिन आणि मोठ्या मच्छीमारी व प्रवासी नौकांस आत पक्के बसविलेले डीझेल एंजिन, असे दोन मुख्य प्रकार आढळतात.

सोलापूर जिल्ह्यातील अकलूज हे नीरा नदीकाठी वसलेले आहे. तेथून जवळच नीरा नरसिंगपूर येथे नीरा भीमेस मिळते आणि या संगमाच्या वरच्या बाजूस भीमेवर १९८० मध्ये पूर्ण झालेले उजनी धरण आहे. त्याच्या यशवंतसागर जलाशयाची एकूण साठवणक्षमता सु. ११७ अब्ज घ. फूट असून त्याचे पाणी सोलापूर, पुणे व अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) या जिल्ह्यांत पसरते. मासेमारी, भिगवण परिसरातील पक्षिनिरीक्षण व एका तीरावरून दुसऱ्या तीरावर जाणे यांसाठी येथे होड्या व लाँच चालतात. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांदरम्यान प्रवासी नौका वादळी वाऱ्यात उलटून सहा जण मृत्युमुखी पडले. हा अपघात वाऱ्यामुळे झाला. तथापि समुद्रापासून दूरचे पाणीही अचानक किती धोकादायक होते, हे त्यावरून स्पष्ट होते.

पंपाचे डीझेल एंजिन आणि नौकेचे डीझेल एंजिन यांचे कार्यतत्त्व एकच आहे. पुण्यात १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी स्थापन झाल्यानंतर अशी एंजिने बागायती भागांत सर्वपरिचित झाली. त्यामुळे विहिरीवरील एंजिन हाताळलेल्या मेस्त्रीस नौकेवरील बहुतेक दोष ओळखता येतात. फरक आहे तो पाण्याच्या सान्निध्याचा, ओलाव्याचा आणि चुकीस मिळणाऱ्या अल्प अवधीचा.

तत्त्व : एंजिन चालू होण्यास पाच गोष्टी लागतात : पुरेशा वेगाने फिरणारा भुजादंड, शुद्ध इंधन, हवा, सिलिंडरातील संपीडन आणि योग्य क्षणी ज्वलन. यांपैकी एकीचाही अभाव असल्यास एंजिन पेट घेत नाही. पेट्रोल एंजिनात ज्वलन ठिणगीने होते. डीझेल एंजिनात हवा सु. १६ ते २० पट दाबली जाऊन तिचे तापमान ५००° से. पेक्षा अधिक होते व फवारलेले इंधन आपोआप पेटते. एंजिन मुळीच फिरत नाही, की फिरते पण पेट घेत नाही, हा पहिला भेद निश्चित केल्यास निम्मा शोध संपतो.

पूर्वदक्षता : नौका वाहत असल्यास प्रथम नांगर टाकावा, सर्वांनी जीवरक्षक जाकिटे घालावीत व नंतरच एंजिनाकडे वळावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती नौकेच्या तळाशी साचते. म्हणून पेट्रोल एंजिन असल्यास झाकणे उघडून तळातील हवा खेळती करावी, वास येत असेल तर कोणताही विजेचा खटका दाबू नये व विडी-काडी पेटवू नये. त्यानंतर साध्या गोष्टी तपासाव्यात : टाकीत इंधन आहे काय, इंधनाचा कोंबडा उघडा आहे काय, गिअर न्यूट्रलमध्ये आहे काय. बाह्य एंजिनास चालकाच्या अंगास बांधण्याची सुरक्षादोरी असते. तिची चकती जागेवर नसल्यास ठिणगीच पडत नाही. डीझेल एंजिनात बंद करण्याची तरफ ओढलेलीच राहिली, तर इंधन पुढे जात नाही. बिघाड म्हणून वर्णिल्या जाणाऱ्या अनेक घटनांचे कारण एवढेच असते.

एंजिन न फिरणे : स्टार्टर केवळ ‘टक’ असा आवाज करीत असेल किंवा मंद फिरत असेल, तर दोष बहुधा बॅटरीत वा तिच्या जोडांत असतो. पूर्ण भारित १२ व्होल्ट बॅटरीचा दाब स्थिर अवस्थेत सु. १२·६ व्होल्ट असतो. तो १२ च्या खाली गेल्यास ती जवळजवळ रिकामी समजावी. दमट हवेत अग्रांवर पांढरट-हिरवा थर साचतो. अग्रे खरवडून घट्ट केल्याने पुष्कळदा काम भागते. बॅटरी व जोड ठीक असूनही एंजिन अडत असेल, तर पंख्याभोवती जाळे, दोर किंवा पाणवनस्पती गुंडाळलेली आहे काय हे पाहावे. त्यापूर्वी चालू करण्याची किल्ली काढून घ्यावी. सिलिंडरात पाणी शिरल्यानेही एंजिन अडते. पाणी दाबले जात नसल्यामुळे अशा स्थितीत जबरदस्तीने फिरविल्यास संयोगदांडा वाकतो.

हँडलने चालविण्याच्या एंजिनात संपीडन सोडणारी तरफ उचलून प्रचक्रास वेग द्यावा व मग तरफ सोडावी. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा. एंजिनाने उलटा झटका दिल्यास मूठ सुटते व मनगट वाचते.

डीझेल एंजिन : एंजिन चांगले फिरते पण धुराड्यातून मुळीच धूर येत नाही, याचा अर्थ इंधन सिलिंडरात पोचत नाही. पांढरा धूर येऊनही एंजिन पेट घेत नसेल, तर इंधन पोचते पण उष्णता अपुरी पडते. फिरण्याचा वेग कमी असणे, संपीडन गळणे वा तापक निकामी असणे ही त्याची कारणे होत. इंधन न पोचण्याचे नेहमीचे कारण नळीत हवा शिरणे हे असून मेस्त्री यास ‘एअर धरणे’ म्हणतात. टाकी एकदा कोरडी झाली किंवा गाळणी बदलली, की हा दोष उद्‌भवतो. हवा काढण्याचा क्रम टाकीकडून एंजिनाकडे असा असतो : प्रथम गाळणीवरील स्क्रू सैल करून हातपंप चालवावा, बुडबुडे थांबून अखंड इंधन येऊ लागले की स्क्रू आवळावा. मग अंतःक्षेपण पंपावर हीच क्रिया करावी. शेवटी अंतःक्षेपकाच्या (नोझलच्या) नळीचा नट किंचित सैल करून एंजिन फिरवावे. या वेळी हात वा चेहरा नळीजवळ आणू नये, कारण उच्च दाबाचा फवारा त्वचेत घुसतो व ही जखम दिसण्यात क्षुल्लक असली, तरी तातडीच्या शस्त्रक्रियेची असते.

इंधनात मिसळलेले पाणी हेही मोठे कारण आहे. अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारव्याने बाष्प साकळून पाणी तळाशी साचते. गाळणीच्या खालच्या वाटीतील तोटी उघडून ते काढून टाकता येते.

पेट्रोल एंजिन : येथे क्रम ठिणगी, मग इंधन असा ठेवावा. स्पार्क प्लग काढून पाहिल्यास तो स्वतःच निदान सांगतो : ओला व पेट्रोलचा वास असलेला प्लग म्हणजे इंधन जादा झाले, कोरडा म्हणजे इंधन आलेच नाही, काळ्या काजळीचा म्हणजे हवा कमी वा तेल अधिक. इंधन जादा झाल्यास चोक बंद करून, प्लग पुसून, काही मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करावा. सुट्या टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू बंद राहिल्यास आत निर्वात निर्माण होऊन इंधन येणे थांबते. एंजिन चालू होऊन थोड्याच वेळात बंद पडत असेल, तर प्रथम हा स्क्रू पाहावा. नळीवरील रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबणे आवश्यक असते. अनेक महिने साठलेल्या पेट्रोलचा चिकट अंश कार्ब्युरेटरची सूक्ष्म छिद्रे बुजवितो.

वारंवार प्रयत्नांचे धोके : स्टार्टर एका वेळी १० सेकंदांहून अधिक चालवू नये व मध्ये विश्रांती द्यावी, अन्यथा तो तापतो व बॅटरी संपते. ज्या नौकेत बाहेरचे पाणी थंड करण्यासाठी घेऊन धुराड्यातून सोडले जाते, तेथे आणखी एक धोका असतो. पेट न घेतलेल्या एंजिनास पाणी बाहेर ढकलण्याइतका वायुदाब मिळत नाही, त्यामुळे ते साचून सिलिंडरात परतू शकते. लांबलेल्या प्रयत्नांच्या वेळी पाण्याची झडप बंद ठेवावी व एंजिन चालू होताच उघडावी.

प्रतिबंध : अवर्षणाच्या वर्षी उजनीचे पाणी मृत साठ्याच्याही खाली उतरते, तीर दूर सरकतो व उथळ पाण्यातील गाळ शीतनपंपात ओढला जातो. त्याने रबरी पंखचक्र झिजते व एंजिन तापून संपीडन बिघडते. अशा जलाशयात पाण्याची जाळी दररोज साफ करणे इष्ट असते. किनारा सोडण्यापूर्वी एंजिन काही मिनिटे बांधलेल्या स्थितीत चालवून पाहावे, टाकी शक्यतो भरलेली ठेवावी आणि सुटी गाळणी, प्लग, पाने, दोर, वल्ही व नांगर सोबत असावीत. पंधरा-वीस मिनिटांच्या क्रमबद्ध तपासणीनंतरही दोष न सापडल्यास एंजिनाचा नाद सोडून मदत मागविणे श्रेयस्कर, कारण नौका स्थिर आणि माणसे सुरक्षित असतील, तर एंजिन तीरावरही दुरुस्त होऊ शकते.