फुस्स कुठून होतंय?

मेकॅनिकल ब्रँचला असल्याचा एक तोटा असतो. घरी मिक्सर बंद पडो की पंखा, सगळे आपल्याकडेच बघतात. दिवाळीच्या सुट्टीत पाळी गाडीची होती.

आमचं घर इतवारीत, किराणा ओळीच्या मागच्या गल्लीत. बाबांचा मसाल्याचा छोटा धंदा, आणि २००९ सालची मारुती ८०० म्हणजे त्या धंद्यातली अर्धी भागीदार. ती पुलावर चढताना दम टाकू लागली, उभी असताना थरथरू लागली. गॅरेजवाल्यांनी एक फेरी मारली आणि निकाल दिला, "रिंगा गेल्या. हाफ इंजिन करा लागते." खर्च अठरा हजार. माझी पुढच्या सेमिस्टरची हॉस्टेल फी साधारण तेवढीच! बाबा काही बोलले नाहीत, पण रात्री हिशोबाची वही उघडून बसले. मी म्हटलं, "बाबा, दोन दिवस थांबा. आधी मोजून पाहू." ते म्हणाले, "इंजिनिअर होऊन राहिला की मेकॅनिक?" पण थांबले.

आता थोडी थिअरी. सिलिंडरमध्ये दाब टिकला तरच ताकद मिळते. दाब पळून जायच्या वाटा मोजक्याच असतात: इनटेक व्हॉल्व, एक्झॉस्ट व्हॉल्व, पिस्टनच्या रिंगा, हेड गॅस्केट, नाहीतर हेड किंवा ब्लॉकला गेलेला तडा. नेहमीच्या कॉम्प्रेशन टेस्टमध्ये प्लगच्या जागी गेज लावून स्टार्टर मारतात. त्यातून कमजोर सिलिंडर कोणता ते कळतं. चमचाभर ऑइल टाकून दाब वाढला तर रिंगांवर संशय घेता येतो. पण नेमकी वाट कळत नाही. त्यासाठी उलटा प्रयोग करायचा: इंजिन बंद ठेवून बाहेरून हवा भरायची आणि कान लावायचा. हीच लीक-डाउन टेस्ट. विमानांची पिस्टन इंजिनं याच पद्धतीने तपासतात, तिथे ८० पीएसआय हवा देतात.

यंत्र अगदी सोपं. रेग्युलेटर, पहिला गेज, मग एक मिलिमीटरचं भोक, मग दुसरा गेज, आणि तिथून नळी सिलिंडरमध्ये. गळती नसेल तर दोन्ही गेज सारखे राहतात. गळती असेल तर त्या बारीक भोकातून येणारी हवा पुरी पडत नाही आणि दुसरा गेज खाली येतो. पहिला ४० आणि दुसरा ३६ दाखवत असेल तर गळती १० टक्के. झालं गणित.

गेज, रेग्युलेटर आणि नळ्या लोहा ओळीत मिळाल्या. जुन्या स्पार्क प्लगमधली चिनी माती फोडून काढली आणि रिकाम्या कवचाला निपल ब्रेझ करून घेतला. एक मिलिमीटरचं भोक मात्र कुणाला जमेना. शेवटी सराफा ओळीतल्या ओळखीच्या सोनारकाकांनी ते पितळी बुचात पाडून दिलं. हवा कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या भाऊंची.

इंजिन गरम करून, हात लावता येईल इतकं निवू दिलं. कॉईलची वायर काढली, तिन्ही प्लग काढले. गाडी चौथ्या गियरमध्ये टाकून धाकट्या भावाला हळूहळू पुढे ढकलायला लावलं, म्हणजे पिस्टन फिरतात. प्लास्टिकची स्ट्रॉ भोकात धरून पिस्टन अगदी वर आलेला ओळखला. मग हँडब्रेक, चाकांना विटा, आणि हवा सुरू.

इथे एक धोक्याची सूचना. या इंजिनाचा बोअर ६८.५ मिमी, म्हणजे पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे ३७ चौ. सेंमी. १०० पीएसआय दिले तर पिस्टनवर जवळपास २६० किलोंचा भार येतो. इतवारीच्या भाषेत, धान्याची पाच पोती! पिस्टन जरा जरी पुढेमागे असेल तर इंजिन झटक्यात फिरतं. म्हणून मी ४० पीएसआयच ठेवले, हात पंखा-बेल्टपासून दूर ठेवले, आणि गाडीपुढे कुणाला उभं राहू दिलं नाही.

पहिल्याच सिलिंडरला दुसरा गेज जवळजवळ शून्यावर! बाबांचा चेहरा पडला. पंक्चरवाले भाऊ म्हणाले, "गेली बावा गाडी." माझीही हवा गेली. मग डोक्यात प्रकाश पडला. फोर-स्ट्रोकमध्ये पिस्टन दोनदा वर येतो, आणि एक्झॉस्ट संपताना दोन्ही व्हॉल्व थोडे उघडे असतात. मी नेमका तिथेच थांबलो होतो. मग प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला. हवा अंगठ्याला ढकलते तो कॉम्प्रेशन स्ट्रोक, त्याच्याच शेवटी थांबायचं. (हे सेकंड इयरला शिकलो होतो. मार्कही मिळाले होते!)

खरं रीडिंग असं: पहिला ३६, तिसरा ३५, दुसरा फक्त २५. म्हणजे १०, साडेबारा आणि साडेसदतीस टक्के. आता कान लावायची वेळ. थ्रॉटलपाशी आवाज आला तर इनटेक व्हॉल्व, सायलेन्सरमध्ये आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व, ऑइलच्या झाकणातून आला तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे किंवा शेजारच्या प्लगच्या भोकातून हवा आली तर गॅस्केट. ऑइलच्या झाकणातून तिन्ही वेळा अगदी बारीक फुसफुस होती. तेवढी चालते, कारण रिंगांना फट असतेच. पण दुसऱ्या सिलिंडरला सायलेन्सर चक्क शिट्टी वाजवत होता. बाबांनी स्वतः वाकून ऐकलं आणि म्हणाले, "हे तर मागून येऊन राहिलं!"

इंजिन गार झाल्यावर टॅपेट पाहिले. त्या एक्झॉस्ट व्हॉल्वला गॅपच उरला नव्हता. वर्षानुवर्षं आम्हीच सेटिंग करून घेतलं नव्हतं. गॅप ठेवून पुन्हा मोजलं तर २७. व्हॉल्व जळला होता. हेड उतरवलं, एक व्हॉल्व बदलला, बाकीचे लॅपिंग केले, नवं गॅस्केट टाकलं. खर्च अठरा हजारांच्या पाव हिश्श्यात बसला. आता दुसरा सिलिंडरही ३६ दाखवतो.

गॅरेजवाल्यांना मी दोष देत नाही, लक्षणं दोन्हींची सारखीच असतात. शिवाय टक्क्यांना फार भुलू नका. भोक बदललं की आकडाही बदलतो, म्हणून एकाच गाडीचे सिलिंडर एकमेकांशी ताडून पाहावेत. गळती किती ते गेज सांगतो, कुठून ते कान सांगतो. दोन्ही विचारल्याशिवाय इंजिन उघडू नये.

टेस्टर सध्या माझ्या रूमवर आहे. सरांपैकी किंवा मित्रांपैकी कुणाची गाडी दम टाकत असेल तर जरूर सांगा. फी एक कटिंग चहा. हॉस्टेल फी बाबांनी भरली आहे.