सुट्टी कोणाची? दुकानाची की नोकराची?

सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी बाजारात एक दुकान उघडे आणि शेजारचे बंद, हे दृश्य आपल्या परिचयाचे आहे. त्यावरून या बाबतीत काही नियमच नाही, अशी पुष्कळांची समजूत होते. वस्तुतः नियम आहेत. परंतु तीन निरनिराळ्या गोष्टींना आपण ‘सुट्टी’ हे एकच नाव देतो, आणि तेथेच घोटाळा होतो.

पहिली, सरकारने जाहीर केलेली सार्वजनिक सुट्टी. तिचा आधार १८८१ च्या हुंड्या व धनादेश यांविषयीच्या कायद्याचे २५ वे कलम. हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी भरली, तर पैसे आदल्या कामाच्या दिवशी द्यावे लागतात. बँकेचे व्यवहार या सुट्टीने थांबतात. पण वाण्याच्या दुकानाला तेवढ्याने कुलूप लागत नाही.

दुसरी, दुकान बंद ठेवण्याचा साप्ताहिक दिवस. १९४८ च्या मुंबई दुकाने व संस्था कायद्याने प्रत्येक दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवणे आवश्यक केले. अंमलबजावणी नगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थांकडे असे. मालक एकटाच गल्ल्यावर बसत असला, तरी त्यालाही त्या दिवशी दार लावावे लागे.

तिसरी, नोकराची सुट्टी. जुन्या कायद्याच्या जागी १९ डिसेंबर २०१७ पासून महाराष्ट्राचा नवा कायदा आला. त्याने दुकान वर्षाचे सर्व दिवस उघडे ठेवण्यास मोकळीक दिली. मात्र प्रत्येक कामगाराला आठवड्यात सलग २४ तास विश्रांती मिळालीच पाहिजे, अशी अट घातली. शिवाय वर्षात आठ पगारी सुट्ट्या ठरवल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मालक व कामगार यांनी आधी ठरवलेले चार सण. त्या दिवशी कामावर बोलावले, तर दुप्पट वेतन आणि बदली रजा द्यावी लागते. मतदानाच्या दिवसाची पगारी सुट्टी १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातील १३५-ब या कलमाने वेगळी दिलेली आहे.

आता खरा प्रश्न पाहा. पूर्वी दार बंद असले, की नोकर घरी आहे हे रस्त्यावरच्या कोणालाही कळे. आज दार रोज उघडे. आत उभ्या असलेल्या मुलाला रजा मिळाली की नाही, हे केवळ हजेरीपटच सांगणार. त्यातही २०१७ च्या कायद्याने हे हक्क दहा किंवा अधिक कामगारांच्या दुकानांपुरते ठेवले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्यास मान्यता दिली. म्हणजे दोन-तीन नोकरांच्या कापडदुकानात विश्रांती कायद्यापेक्षा मालकाच्या माणुसकीवरच अवलंबून राहते.

गिऱ्हाइकाची सोय झाली, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ती कोणाच्या सुट्टीवर उभी आहे, हे विचारण्याचा अधिकार आणि जबाबदारी दोन्ही आता आपल्याकडे आली आहेत.