यंत्र मिळतं, सेल कोण देणार?

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं सतरावं कलम वाचलं की वाटतं, आता मागायचं काही उरलंच नाही. किमान 40 टक्के अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्याला अठराव्या वर्षापर्यंत पुस्तकं आणि योग्य ती सहायक साधनं मोफत मिळावीत, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे.

पैसा मात्र एका खिशातून येत नाही. केंद्राची ‘एडिप’ योजना 1981 पासून चालू आहे. सध्या पालकांचं मासिक उत्पन्न 22,500 रुपयांपर्यंत असेल तर साधन पूर्ण मोफत, 30,000 पर्यंत असेल तर निम्म्या किमतीत. दुसरा खिसा शालेय शिक्षणाच्या ‘समग्र शिक्षा’ योजनेचा, त्यात विशेष गरजा असलेल्या मुलामागे वर्षाला 3,500 रुपयांपर्यंतचा हिशेब धरतात. तपासणी, ब्रेल पुस्तकं, प्रवासभत्ता, मदतनीसभत्ता हे सगळं त्यातच बसवायचं. शाळकरी मुलांच्या शिबिरांत कानपूरची ‘अलिम्को’ ही सरकारी कंपनी एडिपमधून 60 टक्के आणि समग्र शिक्षा 40 टक्के वाटा उचलते.

शिबिर दोनदा भरतं. आधी मोजमाप, मग काही महिन्यांनी वाटप. पाहुणे, हार, फोटो सगळं वाटपाला. खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते.

श्रवणयंत्राचंच घ्या. कानामागचं यंत्र मोफत मिळालं, तरी त्यातला बटणाएवढा सेल आठवडा-दोन आठवड्यांत संपतो. मूल वाढतं तसा कान वाढतो, यंत्राचा कानात बसणारा साचा सैल होतो आणि यंत्र शिट्टी मारू लागतं. वर्गात सगळे वळून बघतात, म्हणून मूल ते दप्तरात टाकतं. सरकारी नोंदीत ते ‘लाभार्थी’च राहतं. बसवल्यानंतरची देखभाल वाटप करणाऱ्या संस्थेने करावी, असं एडिपचा नियमच सांगतो. पण शिबिराचा ट्रक निघून गेल्यावर ती संस्था पाड्यावरच्या आईला कुठे सापडायची?

दृष्टिहीन विद्यार्थ्यांचं गणित वेगळं. स्मार्ट काठी, स्मार्टफोन, बोलकी पुस्तकं ऐकवणारा डेझी प्लेअर ही साधनं एडिपमध्ये मिळतात. संगणकावरचा मजकूर वाचून दाखवणारं ‘एनव्हीडीए’ तर कुणालाही फुकट उतरवून घेता येतं. म्हणजे इथे अडतं ते यंत्रापाशी कमी, शिकवणाऱ्यापाशी जास्त. आणि महाराष्ट्रात हे काम ज्यांच्यावर सोपवलं, ते समग्र शिक्षेतले विशेष शिक्षक वर्षानुवर्षं कंत्राटावर राबले. साधनांना निधी आणि माणसाला करार, हा उफराटा हिशेब होता. वाटलेल्या यंत्रांचा आकडा जाहीर होतो, तसा वर्षभराने चालू असलेल्या यंत्रांचाही जाहीर व्हायला हवा.

तोवर पालकांनी एवढं करावं. मुलाचं दिव्यांग ओळखपत्र म्हणजे युडीआयडी कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा, आणि शिबिराची वाट न बघता तालुक्याच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षकाला भेटा. साधन घेतानाच दुरुस्ती कुठे होईल ते लेखी मागा. एकदा साधन घेतलं की तीन वर्षं पुन्हा मिळत नाही, हे खरं. पण बारा वर्षांखालच्या मुलांना ही अट एकाच वर्षाची आहे.