२२ किलोमीटर संपता संपत नाहीत

गुरुवारी रात्री हूरातल्या एक्झिबिशन रोडवरून गाडी काढलीत आणि सखीरच्या रेसिंग सर्किटकडे निघालात, तर साधारण ३० किलोमीटर होतात. करक चहासाठी कुणी थांबायला लावलं नाही तर अर्ध्या तासात तिथे. एसी चालू, गाणी चालू. आता गंमत बघा. कॉलेजातल्या मुलांच्या इलेक्ट्रिक रेसिंगमध्ये ज्या शर्यतीला ‘एंड्युरन्स’ म्हणतात ती असते जेमतेम २२ किलोमीटरची, म्हणजे तुमच्या सखीरच्या चकरेपेक्षाही कमी. तरी वर्षभर खपून बांधलेल्या कितीतरी गाड्या ती पुरी करू शकत नाहीत. असं का?

आधी स्पर्धा समजून घेऊ. फॉर्म्युला स्टुडंट ही स्पर्धा इंग्लंडमध्ये १९९८ साली सुरू झाली. विद्यार्थ्यांनी एका सीटची रेसिंग कार स्वतः डिझाइन करायची, स्वतः बांधायची आणि स्वतःच चालवायची. भारतात तिचं भावंड म्हणजे फॉर्म्युला भारत, जी कोइंबतूरजवळच्या कारी ट्रॅकवर जानेवारीत होते. पवईच्या आयआयटी बॉम्बे रेसिंगच्या मुलांनी तर आपली इलेक्ट्रिक गाडी थेट सिल्व्हरस्टोनला नेली. त्यांची ‘ओर्का’ शून्यावरून शंभरच्या वेगाला ३.४७ सेकंदांत पोचते, असं संघ सांगत असे. बातम्यांमध्ये हाच आकडा झळकला. पण स्पर्धेत सगळ्यात जास्त गुण असतात ते एंड्युरन्सला, आणि तिथे हे ३.४७ सेकंद फारसे कामाला येत नाहीत.

कारण साधा भागाकार आहे. नियमाप्रमाणे गाडीला जास्तीत जास्त ८० किलोवॅट शक्ती वापरता येते. समजा, तुमची बॅटरी ६ किलोवॅट-तासांची आहे. सतत पूर्ण ताकदीने चालवलीत तर ती साडेचार मिनिटांत रिकामी! शर्यत मात्र अर्ध्या तासाच्या आसपास चालते. म्हणजे सरासरी १२ किलोवॅटवरच भागवायचं. महिनाअखेरीला पगार पुरवतात ना, तसं.

हे पुरवणं चालकाच्या पायात असतं. वळण आल्यावर शेवटच्या क्षणी ब्रेक मारण्याऐवजी जरा आधीच ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचा आणि गाडी तिच्या वेगाने घरंगळू द्यायची. सेकंदाचे एक-दोन दशांश जातात, पण वीज बरीच वाचते. ब्रेक लावताना मोटरच जनित्र होऊन थोडी वीज परत बॅटरीत घालते, तेही खरं, पण सगळी कधीच परत येत नाही. मुळात खर्चच न केलेली वीज सगळ्यात स्वस्त. कार्टिंगमधून आलेल्या पोरांना हे पटवणं सगळ्यात अवघड, असं माझं मत. त्यांच्या अंगात ‘पाय खाली’ भिनलेलं असतं.

आणि बहरीनमध्ये राहणाऱ्या तुम्हाला जे सगळ्यात आधी सुचायला हवं ते अजून आलेलंच नाही: उष्णता.

बॅटरीतून प्रवाह वाहिला की ती तापते, आणि प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. नियम म्हणतो, कोणत्याही सेलचं तापमान ६० अंशांच्या वर जाता कामा नये. सेल बनवणाऱ्याने याहून कमी मर्यादा दिली असेल तर ती पाळायची. समजा, तुमची बॅटरी दर किलोमीटरला सव्वा अंशाने तापते. (थंड करणारा पंखा वगैरे या हिशेबात धरलाच आहे.) कोइंबतूरला जानेवारीच्या सकाळी २५ अंशांवरून निघालात, तर २२ किलोमीटरनंतर साडेबावन्न. झाली शर्यत. तीच गाडी, तोच चालक, पण सुरुवात बहरीनच्या उन्हाळ्यातल्या ४० अंशांवरून? सोळाव्या किलोमीटरला साठ गाठले.

साठ गाठले की पुढे काय होतं? बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा चालकाला न विचारता उच्च दाबाची वीज तोडते. गाडी जिथे आहे तिथे थांबते. चालकाला सीटवर बसून ती पुन्हा चालू करायची मुभा नाही, आणि ट्रॅकवर धावत जाऊन मदत करायची मुभा संघातल्या कुणालाच नाही. गुण गेले. कठड्याबाहेर उभी असलेली मुलं, ज्यांनी परीक्षा सांभाळून, रात्र-रात्र जागून वायरिंग केलं, ती नुसती बघत राहतात. नियम क्रूर वाटतो, पण लिथियमची बॅटरी पेटली तर विझवणं किती कठीण असतं ते आठवलं की वाटेनासा होतो.

मग उन्हाळ्यात शर्यत पुरी करायची तर? हातात फक्त २० अंश आहेत, म्हणजे दर किलोमीटरला ०.९. प्रवाह १५ टक्क्यांनी कमी ठेवलात तर उष्णता साधारण २८ टक्क्यांनी घटते आणि तुम्ही अगदी काठावर पोचता. पण आणखी एक मेख आहे: अर्ध्या वाटेवर चालक बदलावा लागतो. त्यासाठी गाडी काही मिनिटं उभी राहते, वाऱ्याचा झोत थांबतो आणि सेलच्या आतली उष्णता हळूहळू बाहेर पसरते. दुसरा चालक बसतो तेव्हा आकडा पहिल्याने सोडला त्याहून वर गेलेला असू शकतो. म्हणून पहिल्याने दुसऱ्यासाठी शिल्लक ठेवायची असते, पाच अंश, सहा अंश, जेवढी जमेल तेवढी. गाडीचे वेळापत्रक करताना संघांमध्ये सगळ्यात जास्त भांडणं यावरूनच होतात म्हणे, आणि मला त्यात नवल वाटत नाही.

बारावीनंतर तुमच्यातले काही इंजिनिअरिंगला पुण्या-मुंबईला जातील, काही इंग्लंडला. कॉलेजात असा संघ असेल तर पहिल्याच महिन्यात जाऊन उभे राहा. वेल्डिंग येत नसलं तरी चालतं, हिशेब येतो ना? इंग्लंडमध्ये शाळकरी मुलांसाठी ग्रीनपॉवरच्या शर्यती आहेत. तिथे सगळ्यांना सारखीच २४ व्होल्टची मोटर आणि सारख्याच बॅटऱ्या मिळतात, आणि ठरलेल्या वेळात कोण जास्त अंतर कापतो एवढंच बघतात.

तोवर सखीर आहेच. नोव्हेंबरात तिथे आठ तासांची शर्यत होते तेव्हा वळणाजवळची जागा धरा आणि डोळे मिटून ऐका. ब्रेकच्या बऱ्याच आधी इंजिनाचा आवाज बसतो का? त्या व्यावसायिक गाड्यांनाही दोन थांब्यांमध्ये किती ऊर्जा वापरायची याची मर्यादा घातलेली असते. तिथेही कुणीतरी पाय उचलतंय.